समुद्राकाठचा माळ आणि अपुरा राहिलेला डाव

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या काचेखाली एक लहानसे कार्ड ठेवलेले आहे. त्यावर अठरा रकाने आहेत. त्यांपैकी अकरा भरलेले आणि सात कोरे. रक्तदाब मोजून होईपर्यंत समोर बसलेला रुग्ण त्या कार्डाकडे निरखून पाहतो आणि कधीतरी विचारतो, "डॉक्टरसाहेब, हे कशाचं कार्ड?" बाहेर गर्दी नसेल तर मी त्याची कथा सांगतो. वाचकहो, आज ती आपल्यालाही सांगावी असे वाटते. ही कथा एका खेळाची आहे, एका दूरच्या प्रवासाची आहे. पण त्याहून अधिक ती एका डॉक्टरच्या चुकीची आहे.

प्रारंभीच एक कबुली देतो. माझे वडील शाळामास्तर होते आणि त्यांना मधुमेह होता. पायाला झालेली एक क्षुल्लक जखम त्यांनी महिनाभर कोणाला दाखवली नाही. अखेर तो पाय घोट्याच्या वर कापावा लागला आणि त्यानंतर त्यांचे मन व शरीर दोन्ही पुन्हा उभे राहिले नाही. मी तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. 'त्यांनी वेळेवर सांगितले असते तर...' हे वाक्य आमच्या घरात अनेक वर्षे घोळत राहिले.

आणि तरीही, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माझी स्वतःची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.४ आली, तेव्हा मी काय केले? तो कागद खणात ठेवला. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या स्वतःच स्वतःला सुरू केल्या. पत्नीपासून लपवणे शक्य नव्हते म्हणून तिला सांगितले. इतर कोणालाही नाही. भिंगारच्या परिसरात पंचवीस वर्षे लोकांना पथ्य सांगणाऱ्या माणसाला स्वतःचा मधुमेह हा जणू व्यवसायातील अपयशासारखा वाटला. डॉक्टरांच्या बाबतीत हे फार नवलाचे नाही. परंतु नवलाचे नाही म्हणून ते शहाणपणाचेही ठरत नाही.

माळावरची शाळा

चालायला हवे हे मला माहीत होते. नगरकर मंडळी पहाटे चांदबिबीच्या महालाचा डोंगर चढतात. मीही चार दिवस गेलो. पाचव्या दिवशी कंटाळलो. नुसते चालणे माझ्या स्वभावाला मानवत नव्हते. त्या सुमारास एक निवृत्त सुभेदार मेजर माझ्याकडे गुडघेदुखीसाठी येत असत. नोकरीच्या काळात त्यांनी लष्करी छावण्यांमधील गोल्फची मैदाने सांभाळली होती. माझी अडचण ऐकून ते हसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माणूस चालायला कंटाळतो, शोधायला कंटाळत नाही. मी तुम्हाला एक चेंडू देतो. तो मारा आणि शोधत फिरा."

अशी माझी गोल्फची सुरुवात एका पडीक माळावर झाली. ज्वारी निघून गेलेली, धसकटे पायाला टोचणारी, जमीन दगडासारखी टणक. झाडाचा मागमूस नाही. आषाढात त्या माळावर असा वारा सुटतो की डोक्यावरची टोपी शेजारच्या गावाला जावी. उंच मारलेला चेंडू वारा कोठेही नेऊन टाकी. सुभेदारसाहेब म्हणत, "वाऱ्याशी भांडायचं नाही, त्याच्या खालून जायचं." मग त्यांनी मला चेंडू बुटका मारायला, टणक जमिनीवरून धावत न्यायला शिकवले. मेंढ्या राखणारा एक धनगर आमच्याकडे बराच वेळ पाहत असे. एकदा त्याने अगदी कळवळून विचारले, "डॉक्टर, काय हरवलंय का? मी बी हुडकू लागतो."

पुढे रीतसर मैदानांवर खेळण्याचा योग आला, हँडिकॅपचा दाखलाही मिळाला. हँडिकॅप म्हणजे आपण किती कच्चे खेळाडू आहोत याचे आकड्यातील प्रमाणपत्र. माझे पुरेसे मोठे होते. पण वर्षभरात वजन सहा किलोंनी उतरले आणि साखर ७.२ वर आली. मनात एक समाधान दाटले. आता वाटते की त्या समाधानातच पुढच्या चुकीचे बीज होते.

लिंक्स म्हणजे काय?

माझा एक वर्गमित्र तीस वर्षांपासून स्कॉटलंडमधील डंडी शहरात डॉक्टर आहे. माझ्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला त्याने फोन केला आणि म्हणाला, "मे महिन्यात दोघेही या. तुला सेंट अँड्रूजला नेतो." गोल्फ खेळणाऱ्याला हे आमंत्रण म्हणजे वारकऱ्याला पंढरीचे.

समुद्राकाठच्या या मैदानांना 'लिंक्स' म्हणतात. उंचवटा किंवा उतार या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून हे नाव आले आहे. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा, चढउतारांचा पट्टा म्हणजे लिंक्स. त्यात धान्य पिकत नाही. गवत तेवढे उगवते, तेही बारीक आणि चिवट. पावसाचे पाणी वाळूतून झटकन निथळून जाते, त्यामुळे जमीन टणक राहते. झाडे जवळपास नसतात, काटेरी झुडपे मात्र भरपूर. मे महिन्यात त्यांना पिवळीधमक फुले येतात. अशा निरुपयोगी पट्ट्यात पूर्वी गावकरी मेंढ्या चारत, ससे धरत आणि फावल्या वेळात काठीने चेंडू टोलवत. वाऱ्यापासून आडोसा घेण्यासाठी मेंढ्या जेथे अंग घुसवून बसत, तेथे वाळूचे खळगे पडले आणि तेच पुढे खेळातले 'बंकर' झाले, अशी परंपरागत समजूत आहे.

ही हकिगत मित्राच्या तोंडून ऐकताना मला हसू फुटले. टणक जमीन, बिनझाडांचा माळ, अंगावर येणारा वारा आणि मेंढ्या! हे तर आमचे भिंगारच झाले. फक्त कडेला समुद्र अधिक.

सेंट अँड्रूजचा इतिहास आपल्यालाही रंजक वाटेल. इसवी सन १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक त्या नादात धनुर्विद्येचा सराव करीनासे झाले होते. पुढे १५५२ मध्ये तेथील आर्चबिशपांनी एका सनदेद्वारे या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. येथील जुन्या मैदानावर, म्हणजे 'ओल्ड कोर्स'वर, १७६४ मध्ये अठरा होलची रचना झाली आणि कालांतराने तीच जगभर रूढ झाली. आजही ही जमीन सार्वजनिक आहे. १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेला एक न्यास तिची व्यवस्था पाहतो. पहिल्या आणि अठराव्या होलमधून एक रस्ता आरपार जातो. तेथून आजीबाई कुत्र्याला घेऊन निघाल्या तर जगज्जेत्या खेळाडूलाही थांबावे लागते. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. त्या दिवशी गावातली कुटुंबे मुलाबाळांसह त्यावर फिरायला येतात. ज्या गवतावर खेळण्यासाठी जगभरचे लोक येतात, त्यावर रविवारी लहान मुले कोलांट्या मारताना मी पाहिली. आपल्याकडील गावोगावच्या मैदानांची अवस्था आठवून मन थोडे विषण्णही झाले.

हट्टाचा ओढा

ओल्ड कोर्सवर खेळण्यासाठी सोडत असते. दोन दिवस आधी नाव द्यायचे आणि निकालाची वाट पाहायची. आमचे नाव दोनदा आले नाही. तो रिकामा वेळ साधून मित्राने मला डंडीजवळचे कार्नूस्टीचे मैदान दाखवले. त्याच्या शेवटच्या होलवर बॅरी बर्न नावाचा एक ओढा वळणे घेत आडवा येतो. १९९९ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्द हा खेळाडू येथे तीन फटक्यांची आघाडी घेऊन आला होता. जपून, लहान फटके मारून सहा फटक्यांत जरी होल संपवला असता तरी विजेतेपद त्याचे होते. पण तो धोका पत्करत गेला, चेंडू ओढ्यात पडला आणि हा गृहस्थ बूट-मोजे काढून, पँट दुमडून पाण्यात उतरला. पाण्यातून चेंडू मारण्याचा विचार अखेर त्याने सोडला. पण सात फटके लागले, बरोबरी झाली आणि नंतरच्या निर्णायक फेरीत विजेतेपद गेले.

त्या ओढ्याच्या काठावर उभे राहून मी मित्राला मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "पाहिलंस? माणसाला हट्ट नडतो." हे वाक्य दोनच दिवसांत माझ्यावर उलटणार होते.

बाराव्या होलवर

तिसऱ्या खेपेस सोडतीत आमचे नाव लागले. आमची वेळ सकाळी अकरानंतरची होती. त्या दिवशी मी पहाटे चारलाच जागा झालो. तेथे त्या दिवसांत उजाडतेही लवकर. गोळ्या घेतल्या. पत्नीने आणि वहिनींनी पोहे केले होते. उत्साहाच्या भरात मी चार घास खाल्ले आणि उठलो. पत्नी म्हणाली, "अहो, नीट खाऊन घ्या, दुपार होईल." मी म्हणालो, "वाटेत खाईन." तिने राजगिऱ्याचे दोन लाडू पिशवीत घातले.

ओल्ड कोर्सवर प्रत्येकाने चालायचे असते. बसून फिरायची गाडी सहसा मिळत नाही. अपवाद आजारपणाच्या दाखल्याचा. डॉक्टर म्हणून मला ही गोष्ट फार आवडली. सामान वाहायला आणि वाट दाखवायला आम्ही एक कॅडी घेतला होता. साठीचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्या होलवर माझे पाय थरथरत होते, पण मैदान दयाळू निघाले. समोरून वारा होता. मी सुभेदारसाहेबांचे स्मरण केले आणि चेंडू वाऱ्याच्या खालून नेला. तो टणक जमिनीवरून धावत धावत इतका दूर गेला की कॅडीने प्रथमच माझ्याकडे वळून पाहिले आणि विचारले, "हे कुठे शिकलात?" मी म्हणालो, "मेंढ्यांच्या माळावर." त्याला ते उत्तर पूर्णपणे पटल्यासारखे दिसले.

या मैदानाची रचना लांबट आहे. गावापासून निघून खाडीच्या टोकापर्यंत जायचे आणि तेथून परत यायचे. मध्यावर खाण्यापिण्याची लहानशी सोय आहे. मित्र तेथे थांबू म्हणाला. माझा खेळ रंगात होता, मी नको म्हणालो. अकराव्या होलवर त्याने मला बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. व्यवसायाने वकील झालेला हा अमेरिकन खेळाडू आयुष्यभर हौशीच राहिला. १९२१ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, याच होलवरच्या वाळूत अडकून वैतागला आणि त्याने स्पर्धेतून माघार घेतली. आपल्या त्या वागण्याची त्याला पुढे लाज वाटली. तो परत आला, १९२७ मध्ये येथेच ब्रिटिश ओपन जिंकला. उतारवयात मज्जारज्जूच्या सिरिंगोमायेलिया या व्याधीने त्याचे चालणे अवघड झाले, तेव्हा १९५८ मध्ये या गावाने त्याला आपले मानद नागरिकत्व दिले. ज्या वाळूने त्याला हरवले तेथे मी तीन फटक्यांत चेंडू होलमध्ये घातला. कार्डावर '३' लिहिताना छाती फुगली होती.

बाराव्या होलवर मात्र काहीतरी बिघडले. प्रथम हात कापू लागले. वाटले, थंडी आहे. मग कपाळावर घाम आला. वाटले, दोन स्वेटर घातल्याचा परिणाम. कॅडीने मला एक काठी काढून दिली, तर मी त्याच्यावर विनाकारण खेकसलो. आयुष्यात मी सहसा कोणावर खेकसत नाही. मित्र माझ्याकडे पाहू लागला.

वाचकहो, येथे एक तपशील सांगायला हवा. ओल्ड कोर्सवर बहुतेक हिरवळी जोडीच्या असतात. एकाच विस्तीर्ण हिरवळीवर जातानाचा एक आणि येतानाचा एक अशी दोन होल. जोडीतल्या दोन क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा येते: दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, सहावा आणि बारावा. जातानाच्या होलवर पांढरे निशाण, येतानाच्यावर लाल. मी लालऐवजी पांढऱ्या निशाणाकडे नेम धरून उभा होतो.

मित्राने जवळ येऊन विचारले, "आपण कितव्यावर आहोत?"

"बारा."

"मग जोडीचा कितवा?"

मला उत्तर देता येईना. अठरातून बारा गेले किती, हे मला, म्हणजे रोज औषधांच्या मात्रांचा हिशेब करणाऱ्या माणसाला, सुचेना. शब्द ओठांवर येत होते आणि विरघळत होते. मित्र तीस वर्षांचा अनुभवी डॉक्टर. त्याने माझ्या हाताचा ओलसर गारवा पाहिला आणि थेट विचारले, "तुला डायबिटीस आहे का?"

त्याही स्थितीत माझ्या मनात पहिला विचार आला तो 'नाही' म्हणण्याचा.

मी मान हलवली. त्याने विचारले, "गोळी कोणती?" मी कसेबसे नाव सांगितले. त्याने मला गवतावर बसवले. मी पिशवीतल्या लाडवाकडे बोट केले, तो म्हणाला, "ते नंतर. आधी साखर." त्याच्याजवळ काही नव्हते. तेव्हा तो अबोल कॅडी, ज्याच्यावर मी खेकसलो होतो, गुडघ्यावर बसला आणि त्याने स्वतःच्या पिशवीतून गोड सरबताची बाटली काढून माझ्या हाती दिली. हात कापत होते म्हणून ती धरूनही ठेवली. मागून येणाऱ्या खेळाडूंना मित्राने खूण करून पुढे जाऊ दिले. ते आमच्या बाजूने गेले, त्यांनी चौकशी केली; त्यांच्या डोळ्यांना डोळा देणे मला जड गेले.

पंधरा-वीस मिनिटांत डोके ताळ्यावर आले. समोरची खाडी, पिवळी झुडपे, दूरची मनोरे असलेली गावाची कड पुन्हा स्पष्ट दिसू लागली. "सहा," मी म्हणालो. मित्र हसला नाही. तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस? तू येथे खाली पडला असतास तर मी काय समजलो असतो? हार्ट अटॅक? पक्षाघात? वहिनींना मी काय तोंड दाखवलं असतं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या वडिलांजवळही नसावे.

मी पुढे खेळलो नाही. खेळू शकलो असतो कदाचित. पण कार्नूस्टीचा तो ओढा आठवला. लाडू खात, मित्राच्या बाजूने सावकाश चालत उरलेले सहा होल पाहिले. शेवटच्या होलवर एक छोटासा दगडी पूल आहे. गेली काही शतके तो तेथे आहे आणि मेंढपाळांनी मेंढ्या ओढ्यापार नेण्यासाठी तो वापरला असे सांगतात. आज जगभरचे खेळाडू त्यावर उभे राहून छायाचित्र काढतात. मी तेथे थांबलो तो आमच्या माळावरच्या धनगराची आठवण येऊन. कुंपणाशी पत्नी आणि वहिनी उभ्या होत्या. पत्नीने माझा चेहरा पाहिला, कार्डावरचे कोरे रकाने पाहिले आणि एवढेच विचारले, "जेवला नव्हतात ना?"

शरीरात काय घडले?

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडतात. पोटात अन्न असो वा नसो, गोळी आपले काम करीत राहते. दुसरीकडे, चालणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. त्या दिवशी माझ्या शरीरात दोन्ही बाजूंनी साखर खर्च होत होती आणि भर मात्र चार घास पोह्यांची. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवते: थरथर, घाम, धडधड, कडकडून भूक. त्याकडे दुर्लक्ष झाले की मेंदूची उपासमार सुरू होते: चिडचिड, गोंधळ, चुकीची बेरीज, पुढे बेशुद्धी. माझ्या बाबतीत थंड वाऱ्याने घंटेचा आवाज दाबला आणि उरलेला माझ्या अभिमानाने.

घरी परतल्यावर मी जे तीस वर्षांपूर्वी करायला हवे असे रुग्णांना सांगत आलो, ते केले. नगरमधल्या एका मधुमेहतज्ज्ञांकडे रांगेत बसून नाव नोंदवले. त्यांनी माझा स्वतःवरचा उपचार पाहून भुवया उंचावल्या आणि गोळीची मात्रा निम्म्याने कमी केली. वजन उतरले, व्यायाम वाढला, तर औषध पूर्वीइतके लागत नाही, ही साधी गोष्ट मी स्वतःच्या बाबतीत विसरलो होतो.

आपल्यासाठी चार गोष्टी

मधुमेह असलेल्या आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वाचकांनी, मग ते गोल्फ खेळोत, आषाढी वारीत चालोत किंवा शेतात दिवसभर राबोत, पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात.

पहिली गोष्ट: दीर्घ श्रमांपूर्वी नीट खावे आणि दर तास-दीड तासाने थोडे तोंडात टाकावे. व्यायामाचा परिणाम त्या रात्रीपर्यंत टिकतो, म्हणून रात्रीचे जेवणही टाळू नये. श्रम वाढणार असतील तर औषधाच्या मात्रेविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे. स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करू नये.

दुसरी गोष्ट: खिशात नेहमी साखर किंवा ग्लुकोजची पूड असावी. लक्षणे दिसताच तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग बिस्किटे किंवा पोळी खावी. चॉकलेट, चिक्की, लाडू यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोचते, ते नंतर. साखर मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर मोजण्यासाठी थांबू नये, आधी उपचार करावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. या गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. वृद्ध आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी तर एक दिवस देखरेखीखालीच राहावे.

तिसरी गोष्ट: चालून आल्यावर दोन्ही पाय उजेडात, तळव्यांसह पाहावेत. फोड, भेग, लालसरपणा काहीही क्षुल्लक समजू नये. हे वाक्य मी वडिलांना स्मरून लिहीत आहे.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: आपल्याबरोबर चालणाऱ्याला आपला आजार माहीत असावा. आजार लपवला की मदत करणाऱ्याचे हात बांधले जातात.

गोल्फविषयीही दोन शब्द. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये तीन लाख गोल्फ खेळाडूंच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा त्यांचा मृत्युदर समवयस्कांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे गोल्फनेच आयुष्य वाढते असे सिद्ध झाले नाही. मुळात धडधाकट माणसेच खेळत असतील. पण चार-पाच तास मोकळ्या हवेत आठ-नऊ किलोमीटर चालणे हे कोणत्याही वयात लाभदायक, यात शंका नाही. हा खेळ खर्चिक आहे आणि तो आपण खेळावा असा माझा आग्रह नाही. आग्रह आहे तो चालण्याला एखादे निमित्त शोधण्याचा. कोणाला पक्षी पाहण्याचे, कोणाला देवळाच्या दर्शनाचे, कोणाला नातवाला शाळेत सोडण्याचे निमित्त पुरेल. मला एक पांढरा चेंडू पुरला.

परतल्यावर सुभेदारसाहेबांना कार्ड दाखवले. त्यांनी चष्मा लावून अकराही आकडे बारकाईने वाचले, मग कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवले. सारे ऐकून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वाऱ्याखालून गेलात, पण भुकेच्या खालून जाता येत नाही." दुसऱ्या रविवारी आम्ही माळावर गेलो तेव्हा त्यांनी खिशातून साखरेची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. आता ती आमच्या दोघांच्याही खिशात असते.

माझी सरासरी साखर सध्या ६.९ आहे. हा आकडा मी आता कोणापासून लपवत नाही. दवाखान्यात विचारले तर सांगतो. गंमत अशी की, तेव्हापासून रुग्णही मला अधिक खरे सांगू लागले आहेत. गेल्याच आठवड्यात एक गृहस्थ कार्डाची गोष्ट ऐकून थोडा वेळ गप्प बसले आणि मग हळूच चप्पल काढून म्हणाले, "डॉक्टर, पंधरा दिवस झाले, घरी कोणाला बोललो नाही. जरा हे बोट बघता का?"

मी पाहिले. वेळ गेलेली नव्हती.